पिल्लांचं शिळं पाणी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना खुर्चीत पाठ टेकून बसलेलं पाहिलंय, असं आख्ख्या गल्लीत कुणी सांगणार नाही. लग्नाच्या पंगतीत ते अर्धं जेवण वाढप्यांना सूचना देत उभ्यानंच उरकतात आणि न्हाव्याकडे साबण लावलेल्या तोंडानं उठून रस्त्यावर काय गलका झाला ते बघून येतात. टॉवेलच्या कारखान्यात मागांमधून फेऱ्या मारण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर त्याच फेऱ्या घरातल्या घरात सुरू झाल्या आणि काकूंना वेड लागायची पाळी आली. शेवटी मुलीनं माशांची काचेची पेटी आणून दिली. माशांकडे बघून माणूस शांत होतो म्हणे.

झालं उलटंच. पेटीत काळ्या पट्ट्यांच्या सिक्लिड माशांची जोडी होती. तिला दोनदा पिल्लं झाली आणि दोन्ही वेळा पिल्लं चार दिवसांत मेली. काकांनी ते मनाला लावून घेतलं. तिसऱ्यांदा पिल्लं निघाली तेव्हा यांच्या फेऱ्या पेटीभोवती सुरू झाल्या. हे मासे पिल्लांना फार जपतात. भटकलेलं पिल्लू आई तोंडात धरते आणि घोळक्यात नेऊन सोडते. काकांना हे कुठलं ठाऊक? "खाल्लं की वो तिनं, पोटच्या पोराला खाल्लं," म्हणत ते धडधडत जिना उतरून आले. मी वर जाऊन बघतो तर पिल्लू आपल्या जागी.

पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून घालावा, असं दुकानदारानं सांगितलं होतं. काकूंच्या घरात अंड्याचं नावसुद्धा काढायची सोय नाही. मग काका रोज सकाळी सदऱ्याच्या खिशात अंडं लपवून आमच्याकडे यायचे. ते उकडेपर्यंत ओटा ते दार, दार ते ओटा. पिल्लांना चिमूटभर बलक पुरायचा, उरलेलं अंडं माझ्या नशिबी. "तुमी खावा, मी तिकडं बघतो," म्हणून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, तेही पाय हलवत.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरोघरच्या बायका साठवलेलं शिळं पाणी ओतून देतात, भांडी घासतात आणि ताजं भरतात. काकांनी पिल्लांसाठी एक पिंप मुद्दाम उघडं ठेवलं होतं, कारण ताज्या पाण्यातलं जंतू मारायचं औषध उडून गेल्याशिवाय ते माशांना सोसत नाही. काकूंनी ते सवयीनं ओतून दिलं, पिंप लख्ख घासलं आणि भरून ठेवलं. काकांनी नेहमीसारखं त्यातलंच पेटीत घातलं. थोड्याच वेळात पिल्लं तळाशी आडवी पडू लागली.

काका एका जागी उभे राहिले. ते बघूनच काकू घाबरल्या. त्यांनी कळशी उचलली आणि दारोदार निघाल्या. कधी कुणाकडे विरजणसुद्धा न मागणारी ती बाई ऐन पाणी आलेल्या दिवशी शिळं पाणी मागत होती. "शिळंच पायजे. कालचं असलं तर लई बरं," असं त्या म्हणायच्या आणि बायका एकमेकींकडे बघायच्या. कुणाच्या माठाच्या तळाशी तांब्याभर निघालं, कुणाच्या न्हाणीतल्या बादलीत अर्धा तांब्या. आम्ही आळसानं पिंप ओतलंच नव्हतं, तिथे कळशी भरली. सगळी पिल्लं वाचली नाहीत, पण बरीच वाचली. दुसऱ्या दिवसापासून अंडं काकूंच्याच गॅसवर उकडायला लागलं, फक्त पातेलं आमचं.

पिल्लं वाढली, पेटीत मावेनात आणि आईबापच त्यांना हाकलू लागले. परवा काका ती दुकानदाराला देऊन आले आणि रिकामी पिशवी घेऊन थेट आमच्याकडे शिरले.

"काय काम नव्हतं. सवयीनं आलो," म्हणाले, आणि खुर्चीत पाठ टेकून बसले.

मला बघवेना. मी चहा ठेवला आणि मुद्दाम गॅस बारीक केला. उशीर झाला की उठतील, ओट्यापर्यंत एखादी फेरी मारतील असं वाटलं. चहा उकळून आटला, तरी ते बसूनच होते.