पुस्तकांची पाणीपाळी

जगात न्याय म्हणून काही शिल्लक असेलच, तर तो माझ्या नणंदेच्या सासऱ्यांच्या मोपेडवर, केळीच्या रिकाम्या क्रेटमध्ये बसून हिंडतो; आणि म्हणूनच आमच्या घरी तो सगळ्यात शेवटी पोहोचतो. त्यांना सगळे तात्या म्हणतात. राहतात ब्राह्मणपुरीला. आमच्या शहाद्याच्या वाचनालयाने म्हाताऱ्या, आजारी, घराबाहेर पडू न शकणाऱ्या वाचकांसाठी घरपोच पुस्तकांची सेवा काढायची ठरवली, तेव्हा ती चालवणार कोण, या प्रश्नावर कार्यकारिणीतले सगळे सभासद एकदम छताच्या पंख्याकडे पाहू लागले. तात्या त्या दिवशी सुनेची मासिकं परत करायला आले होते. त्यांनी दारातूनच सांगितलं, "मी करस." बिचारा पेन्शनर माणूस, वेळ जात नसेल, असं समजून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी जन्मभर पाटबंधारे खात्यात पाटकऱ्याची नोकरी केली आहे, कालव्याचं पाणी वाटण्यात त्यांचे केस पांढरे झाले आहेत, याचा विचार कोणाच्याच डोक्यात आला नाही. तो यायला हवा होता.

कालव्याचा एक जुना रोग आहे. पाणी सुटतं त्या दाराजवळचा शेतकरी हवं तेवढं पाणी ओढून घेतो आणि शेवटच्या टोकाचा, ज्याला पाटकरी 'टेल'चा म्हणतात, तो खांद्यावर फावडं टाकून शेतापर्यंत आलेल्या कोरड्या चारीकडे बघत बसतो. त्यावर खात्याने काढलेला उपाय असा, की पाणी आधी थेट टेलला न्यायचं आणि मग एकेक शेत भिजवत दाराकडे मागे यायचं. कागदावर हा नियम फार गोड दिसतो. तात्यांनी तो खरोखर पाळला. त्यापायी त्यांच्यावर फावडी उगारली गेली, त्यांची मोपेड दोनदा कालव्यात गेली, पण टेलचं वावर कोरडं राहिलं नाही. हाच नियम त्यांनी पुस्तकांना लावला. नवं पुस्तक आलं की ते क्रेटमध्ये ठेवून तात्या शहाद्यातून निघत, वाटेत कळसाडीच्या गुरुजींच्या ओट्यासमोरून जात, आणि गुरुजी काठी उंचावून "अहो थांबा, थांबा" करत असताना न थांबता तडक आपल्या गावाच्या शेवटच्या टोकाला पोहोचत. तिथून पुस्तक घर घर करत मागे यायचं. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, अर्धांगाने घरी बसलेले, त्यांना हा अपमान सहन होत नसे. तात्या म्हणत, "टेलना मानूस जिंदगीभर कोरडा ऱ्हास, गुरुजी. एकदाव त्यानं तोंड पयले भिजू द्या."

खुद्द अध्यक्षांनाही या नियमाचा प्रसाद मिळाला. पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे तेही घरपोच सेवेत आले होते. त्यांचं घर वाचनालयाच्या वरच्याच मजल्यावर. त्यांनी स्वतः विकत घेऊन वाचनालयाला भेट दिलेलं, आपल्या सहीचं प्रवासवर्णन त्यांना वाचायचं होतं. ते पुस्तक त्यांच्या घरातून जिना उतरून खाली आलं, ब्राह्मणपुरीच्या टोकाला गेलं, सगळ्या तालुक्याचा प्रवास करून पुन्हा तो जिना चढलं, तोवर अध्यक्षांचं प्लास्टर निघून ते चालायला लागले होते. नियमाप्रमाणे ते आता सेवेत बसत नाहीत, असं सांगून तात्यांनी पुस्तक दारातूनच परत नेलं.

जाड पुस्तकांवर त्यांचा विशेष राग. एका आजोबांना पडल्यापडल्या वाचताना डुलकी लागली आणि हातातली जाडजूड कादंबरी थेट नाकावर आपटली. दुसऱ्याच दिवशी तात्यांनी ती कादंबरी बाइंडरकडे नेऊन तिचे चार भाग करून घेतले, प्रत्येकाला पुठ्ठा आणि कापडी पट्टी. ग्रंथपालबाईंना रडूच कोसळायचं बाकी राहिलं. तात्यांना त्यात रडण्यासारखं काही दिसेना. मोठ्या कालव्यातून शेतात पाणी सोडत नाहीत, चाऱ्या काढाव्या लागतात, एवढी साधी गोष्ट शिकल्यासवरल्या बाईला कशी कळत नाही, याचं त्यांना नवल वाटत होतं. त्यानंतर मात्र आमच्या भागातल्या हात थरथरणाऱ्या सगळ्या वाचकांनी पातळ पुस्तकांसाठी तात्यांना भरभरून आशीर्वाद दिले. बाइंडरनेही दिले.

ते कुणाच्याही घरी गेले की आधी उजेड बघत. शेताचा उतार बघावा तसे खोलीच्या मधोमध उभे राहून मान तिरकी करत, आणि मग घरच्यांना न विचारता खाट ओढून खिडकीशी लावत. क्रेटच्या तळाशी त्यांच्याकडे कायम एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक-दोन नवे बल्ब असत. कित्येक घरांत म्हाताऱ्या माणसाच्या खोलीतला बल्ब जाऊन महिने झालेले असतात आणि कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं, हे मला तात्यांमुळे कळलं. पुस्तक परत घेताना ते "आवडलं का" असं कधी विचारत नसत. "भिजनं का?" असं विचारत आणि उत्तर न ऐकता चेहऱ्याकडे बघत. स्वतः मात्र एक पान वाचत नसत. पाटकऱ्याने पाणी वाटायचं असतं, प्यायचं नसतं, असं त्यांचं तत्त्व.

हे सगळं लांबून बघायला मजेचं होतं. पण मग माझ्या सासूबाईंची गोष्ट निघाली. आमचं घर वाचनालयाच्या भिंतीला भिंत लावून आहे. तिकडचं कपाट उघडलं की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. म्हणजे तात्यांच्या नकाशावर आमचा नंबर अगदी शेवटचा. सासूबाईंचे डोळे चालले होते. डोळ्यांचा पडदा खराब होत होता, आणि काही महिन्यांत वाचणं बंद होईल असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि घरी आल्यावर एकच इच्छा सांगितली. एका दिवाळी अंकात त्यांनी एका कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचलं होतं. नदीकाठचं घर, चार बहिणी, आणि थोरलीचा काही पत्ता नाही. ती पूर्ण कादंबरी शेवटचं पुस्तक म्हणून स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची होती. मी वाचून दाखवते म्हटलं, तर म्हणाल्या, "दुसऱ्याने वाचून दाखवलेलं पुस्तक म्हणजे दुसऱ्याने चावलेला घास." मी नाशिककडची, म्हणून माझ्याशी त्या अशा शुद्ध मराठीत बोलत. बाकी जगाशी अहिराणीत.

दुकानांत ती मिळेना; शेवटी वाचनालयाने मागवलेली एकुलती एक प्रत आली. भिंतीपलीकडे तिचं पार्सल फोडल्याचा आवाज आम्ही दोघींनी ऐकला. तिचेही चार भाग होणार, ते टेलला जाणार, आणि गुरुजी प्रत्येक पान दोनदा वाचणारे. मी तात्यांना गाठलं आणि म्हटलं, एकदाच नियम मोडा, आईंना आधी द्या. तात्या बराच वेळ क्रेटमधली पुस्तकं सारखी करत राहिले. मग म्हणाले, "बेटा, तुन्ही सासू मन्ही इहीन शे. म्हनीसनच तिले पयले देता येस नई." विहीण म्हणूनच नाही, हे ऐकून मला इतका राग आला, की मी त्यांना चहाही विचारला नाही. ते मोपेडपर्यंत गेले आणि परत आले. "नियम मानूसना नई, जागाना शे. जो टेलले ऱ्हास, त्याले पयलं पानी. इहीनबाईले टेलले आना. गावना टोकले घर शे ना मन्हं."

आता यात काय अडचण, असं तुम्ही विचाराल. अडचण अशी, की सासूबाई लेकीच्या घरचं पाणी पीत नसत. जुनी रीत. लग्न होऊन नणंदेचे केस पिकायला आले, तिची मुलं कॉलेजात गेली, तरी सासूबाई तिकडे जायच्या त्या दुपारभर, कोरड्या घशाने बसायच्या आणि ऊन उतरायच्या आत परत यायच्या. लेकीवर जीव एवढा, की परतताना जीपमधून गाव दिसेनासं होईपर्यंत मागे बघत राहायच्या. कादंबरीसाठी व्याह्याच्या दारात जाऊन राहायचं, हे ऐकून त्या आधी संतापल्या, आणि मग एका सकाळी मी बघते तर पिशवीत लुगडी आणि डोळ्यांत घालायचे थेंब भरत होत्या. "पाणी मात्र आपल्या घरचं," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून माझे यजमान मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून शहाद्याहून ब्राह्मणपुरीला पाणी पोहोचवू लागले. तात्यांना हे जिव्हारी लागलं. सगळ्या गावाला ऐकवत, "आख्खी जिंदगी मी लोकेसले पानी वाटं, आन आते मन्हाच घरमा भाईरतून पानी येई ऱ्हायनं!" पण विहिणीची खाट त्यांनी स्वतः हलवायला सुरुवात केली, सकाळी ओट्यावर, दुपारी मागच्या दारी, संध्याकाळी पुन्हा पुढे. उजेड जाईल तिकडे खाट जायची आणि खाटेमागे नणंद धान्याचं सूप घेऊन जायची. पहिला भाग संपला, दुसरा संपला. तिसऱ्या भागाच्या सुमारास एकदा यजमानांनी नेलेले कॅन भरलेलेच परत आले. ते घाबरले, म्हणाले, आई पाणी पीत नाही की काय! नणंदेने त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. त्यानंतर कॅन नेणं बंद झालं.

चौथा भाग मात्र निघेना. कळसाडीच्या गुरुजींचे मला फोन यायला लागले, की अहो, पुस्तक अडलंय कुठे? तात्यांना विचारलं तर ते म्हणतात, वरच्या अंगाला कालव्याचं काम चालू आहे! मी चाट पडले. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला घटकाभर जास्त पाणी दिलं नाही, तो थापा मारत होता.

मी ब्राह्मणपुरीला गेले. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, मांडीवर चौथा भाग. शेवटची थोडीच पानं उरली होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी पुस्तक मिटलं आणि तात्यांपुढे धरलं. "याही, ल्या. पुढलाले द्या. माले आते काही दिखस नई." पानाच्या मधे नुसता काळा डाग, कडेकडेची अक्षरं तेवढी उरली, असं नंतर त्यांनी मला सांगितलं. नणंद पदर तोंडाला लावून आत गेली. थोरली बहीण परत आली की नाही, हे कळायचं राहिलंच होतं. मला रडू आवरेना.

तात्यांनी पुस्तक हातात घेतलं नाही. म्हणाले, "वावर भिजस नई तोपावेत दार बंद व्हस नई." मग चष्मा शोधला, खाली बसले, आणि जन्मात कधी न केलेली गोष्ट करायला लागले. इतकं वाईट वाचन मी उभ्या आयुष्यात ऐकलं नाही. पाणीपाळीची नावं पुकारावीत तशा खणखणीत आवाजात, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम. म्हैस विकली तोही तोच सूर आणि आई गेली तोही तोच. सासूबाई आधी तोंड फिरवून बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांना राहवेना. "याही, तठे ती रडी ऱ्हायनी. जरा धीरे."

"आठे रडानं लिखेल शे का?" तात्यांनी पान डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"लिखेल नई शे. समजस ते."

तात्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. हळू वाचलं. रस्त्यावरून बैलगाडी गेली तर ती जाईपर्यंत थांबले. थोरली बहीण परत आली, अंगणात उभी राहिली, आणि तिला आधी कुणी ओळखलंच नाही, तिथे तात्यांचाच आवाज अडकला. मग सासूबाईंनी त्यांना तांब्या पुढे केला.

पुस्तक संपलं. कळसाडीला पाठवा म्हणाल्या, गुरुजी वाट बघत असतील. मी पिशवी भरायला घेतली आणि म्हटलं, "आई, चला घरी. आता मी रोज वाचून दाखवीन." त्यांनी माझा हात धरला. "तू छान वाचतेस गं. तुला शिकवण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. या व्याह्यांचं बघ कसं आहे. कुणीतरी सुधारायला नको का?"

तेवढ्यात नणंद चहा घेऊन बाहेर आली. लेकीकडे बघायचं तर सासूबाईंना आता लेकीच्या शेजारी बघावं लागतं; समोर पाहिलं तर ती नेमकी त्या काळ्या डागात जाते. त्यांनी मान जराशी गोठ्याकडे वळवली आणि तशाच, तिच्याकडे बघत बसल्या. मी पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली आणि चहा पिऊन एकटीच शहाद्याला परत आले.