मशीनमधले तयार पेन

शुद्धलेखनाच्या चुका असतील, अक्षरही किरटं आहे, त्याबद्दल माफी असावी. शाळा चौथीतच सुटली. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही, तरी माफी मागितल्याशिवाय हात पुढे जात नाही.

मुलीच्या कॉम्प्युटरसाठी पैसे माझ्या नणंदेने उसने दिले. त्या डभोईला राहतात. पुढे प्रत्येक सणाला विचारायच्या, "काय वहिनी, पेटी कमवायला लागली, की नुसती वीज खाते?" मी हसून स्वयंपाकघरात जायची.

मुलगी कॉलेजात प्रोग्राम लिहायला शिकत होती. बडोद्यातल्या एका साडीवाल्याने तिला काम दिलं. भरतकामाची किनार रंग बदलून पडद्यावर दाखवायची, म्हणजे गिऱ्हाइकाला आधीच पसंत करता येईल. ते नीट चाललं तरच पैसे, आणि त्यातूनच वन्संचं देणं फिटणार होतं.

ती कॉलेजात गेली की रंगाचं बटण दाबत बसायचं, हे काम तिने मला दिलं. मोर, वेली सुरेख यायच्या. पण बराच वेळ दाबलं की रंगांच्या नावांची वळणदार अक्षरं एकदम जाडीभरडी व्हायची, किनारीच्या रेघा गळायच्या, शेवटी सगळा पडदा बिघडायचा. माझ्याच हातून काही मोडलं असं वाटलं. ती आल्यावर कसंबसं सांगितलं.

"तू नाही गं, चूक माझी आहे," ती म्हणाली. मग समजावलं. काळा पेन, पांढरा ब्रश, साधी अक्षरं मशीनमध्ये तयारच असतात. मागायची, वापरायची, ती मोडायची नाहीत. सोनेरी, जाड असे वेगळे पेन मात्र तिला नवे बनवावे लागतात, आणि काम झालं की मोडावे लागतात. नाहीतर साठून जागा संपते.

"मग मोडत नाहीस का?"

"मोडते ना! तरी साठतात."

दोन-तीन दिवस ती नीट जेवली नाही. मग सरांना विचारून हसतच घरी आली. मी शेजारच्या मासींकडून भाजी घालून आलेली वाटी धूत होते.

"आई, मासींची वाटी भाजीसकट परत देतेस का? आधी भाजी काढून घेतेस ना? माझा पेन मशीनच्या हातात असतानाच मी तो मोड म्हणत होते. ते ऐकतच नव्हतं. आधी त्याचा जुना पेन त्याच्या हातात द्यायचा, मग आपला मोडायचा. आणि साध्या काळ्या रेघेला नवा पेन कशाला? तयार आहे तोच घ्यायचा."

"पण वाटी रिकामी द्यायची नाही हं, साखर घालून द्यायची."

"मशीनला साखर नको गं!"

दुसऱ्या दिवशी दुपारभर बटण दाबत बसले. अक्षरं होती तशीच राहिली. संध्याकाळी बोट दुखत होतं, पण उठवेना.

साडीच्या दुकानात मी तिच्यामागे उभी राहिले. शेठने स्वतः बटण दाबून दाबून पाहिलं, गिऱ्हाइकांनाही दाबायला लावलं. "सरस छे, बेन," ते माझ्याकडे बघून म्हणाले, म्हणजे फार छान आहे, ताई. मी पदर सारखा केला.

पैसे हातात आल्यावर आम्ही दोघी डभोईच्या बसमध्ये बसलो. वन्संनी चहा ठेवला, नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"पुरे आले," त्या म्हणाल्या, आणि नोटा कपाटात ठेवल्या.