नरगुंदकर सर आणि विमानशाळेच्या हजेरीपटावरचे नाव

नरगुंदकर सरांच्या पंच्याहत्तरीच्या ग्रंथासाठी मी लिहावे असे समितीच्या मंडळींनी सांगितले, तेव्हापासून माझे जेवणात लक्ष नाही. माझे शिक्षण पाचवीपर्यंत. काही चुकीचे लिहिले गेले तर सरांना कमीपणा येईल, म्हणून तीन वेळा कागद फाडला. शेवटी मुलगी सुमित्रा म्हणाली, "बाबा, सर तुमच्याकडं व्याकरण शिकायला येत होते काय? घडलं ते लिहा." म्हणून घडले तेवढेच लिहितो.

सरांची आणि माझी ओळख खोटे बोलण्यापासून झाली. खोटे मी बोललो. हुबळीच्या कमरीपेठेत माझे स्टो दुरुस्तीचे दुकान होते. आठ वर्षांपूर्वी एका दुपारी सर पायरीशी येऊन उभे राहिले. धारवाडच्या हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, खांद्याला कापडी पिशवी. मी कानडीत "बर्री, कूड्री", म्हणजे या, बसा, म्हणून स्टूल पुढे केले. महायुद्धाच्या काळात कलघटगीच्या रस्त्याला माळावर लष्कराची विमानशाळा होती. तिथे वैमानिक तयार होत. त्या शाळेचा इतिहास सर लिहीत होते. पिशवीतून त्यांनी तिथल्या कामगारांच्या हजेरीपटाची नक्कल काढली आणि एका नावावर बोट ठेवले. "भीमाप्पा कांबळे, कमरीपेठ. हे तुमच्यापैकी कोणी?"

ते माझे वडील. मी म्हणालो, "नाही सर. त्या नावाचं इथं कुणी नव्हतं."

उड्डाणाआधी विमानात घालायचे पेट्रोल वडील गाळत असत. मऊ कातड्यातून गाळले की पेट्रोल खाली जाते आणि पाणी असेल तर वर राहते; ते इंजिनात गेले तर इंजिन बंद पडते. एका सकाळी एका शिकाऊ वैमानिकाचे विमान वर चढताच कोसळले आणि तो जागीच गेला. आठवड्याच्या आत वडिलांना कामावरून काढले. मी तेव्हा पाळण्यात होतो. पुढे हयातभर लोक त्यांना पाठीमागे "विमान पाडणारा भीमा" म्हणत. माझ्या लग्नाच्या बोलणीतही ते निघाले. आता तेच छापून येणार आणि नातवंडे वाचणार, या भीतीने मी बापाला नाकारले.

सर फक्त "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी एक बिघडलेला स्टो घेऊन आले. तो त्यांच्या माळ्यावर पंधरा वर्षे पडून होता, हे मला वहिनींकडून, म्हणजे सरांच्या पत्नीकडून, फार उशिरा कळले. तिसऱ्या खेपेला मला राहवेना. म्हणालो, "सर, ते माझे वडील."

"ठाऊक आहे, अण्णा. तुमच्या गल्लीत विचारतच आलो होतो."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"नाव तुमच्या घरचं. ते तुम्ही सांगायचं."

सरांची कामाची रीत मी जवळून पाहिली. धावपट्टी नेमकी कुठे होती हे ठरवायला ते भर उन्हात जोंधळ्याच्या रानातून पावले मोजत फिरत. रानाचा मालक एकदा म्हणाला, "सर, आमच्या पिकात आणखी किती वेळा विमान उतरवणार?" सर म्हणाले, "तुमचे आजोबा कुठं उभे राहून बघायचे ते सांगा, आजच उतरवतो." पुस्तकात कोणाचेही नाव यायचे असेल, तर छापण्याआधी त्या घरी जाऊन ते पान मोठ्याने वाचून दाखवायचे, हा त्यांचा नेम. मला त्याच दिवसाची धास्ती होती.

मधल्या काळात आणखी एक झाले. सर घरी आले असता मी पाणी दिले. आमच्याकडे पाणी फडक्यातून दोनदा गाळतात. सर बघत होते. म्हणाले, "दोनदा का?" "सवय," मी म्हणालो. त्यांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि विषय बदलला.

ती सवय वडिलांची. पाणी असो, रॉकेल असो, ते दोनदा गाळत. जाण्याआधीच्या उन्हाळ्यात त्यांनी मला एकट्याला कारण सांगितले होते. "त्या सकाळी शेवटचा डबा गाळायचा राहिला होता. साहेब ओरडला, वेळ झाली, ओत तसाच. मी ओतला." हे मी बायकोलाही कधी सांगितले नव्हते.

मागच्या वर्षी सर ते पान घेऊन आले. मी भिंतीला टेकून बसलो. त्यांनी वाचले की त्या सकाळी पेट्रोल गाळायच्या पाळीवर भीमाप्पा कांबळे होते; चौकशीत अपघाताचे कारण ठरले नाही; तरी त्यांना कामावरून काढण्यात आले. सुमित्रा रडू लागली. "बाबा, आजोबा सुटले," ती म्हणाली. सरांनी माझ्याकडे पाहिले. मी बरोबर आहे म्हणून मान हलवली.

पुढचे चार दिवस ते पान माझ्या डोक्यातून जाईना. सर एका पायरीच्या उंचीसाठी दहा माणसांना विचारणारे, आणि त्यांच्या पुस्तकात माझ्यामुळे अर्धे पान राहणार होते. पाचव्या दिवशी बस धरून केलगेरीला त्यांच्या घरी गेलो आणि सगळे सांगून टाकले.

सरांनी लगेच पेन उचलले नाही. विचारले, "त्या डब्यात पाणी होतं, असं म्हणाले?"

"नाही. गाळला नाही, एवढंच."

"विमान त्यानं पडलं, असं?"

"म्हणाले नाहीत. पण त्यांना तसंच वाटायचं."

"मग जेवढं म्हणाले तेवढंच लिहू. वाटायचं तेही लिहू. आणि साहेब कोण?"

"नाव नाही सांगितलं."

"बरं. नाव कळलं नाही, असं लिहू." मग म्हणाले, "अण्णा, चौकशीचे सगळे कागद मी पाहिले. सगळ्यांचे जबाब आहेत. तुमच्या वडिलांचा नाही. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. त्यांचा जबाब आज आला."

मी त्यांच्या ओसरीवर येऊन बसलो. वहिनींनी चहा दिला. तो निवला तरी कोणी घाई केली नाही.

ते पान आता पुस्तकात आहे, पुस्तक छापायला गेले आहे. भाऊबंद काय म्हणतील ही काळजी मला आहेच. ती जाणार नाही. पण कोणी दारात येऊन विचारले की भीमाप्पा तुमचे कोण, तर आता मी पान उघडून दाखवीन.

मी सरांहून सात वर्षांनी मोठा, म्हणून शुभेच्छा न देता आशीर्वाद देतो. सरांना भरपूर आयुष्य मिळो, पाय असेच चालते राहोत, डोळे हजेरीपट वाचण्याइतके शाबूत राहोत. पहिली प्रत घेऊन त्यांनी आमच्या घरी यावे आणि ते पान पुन्हा मोठ्याने वाचावे. वाचून घसा कोरडा पडेल. पाणी दोनदा गाळून ठेवलेले असेल.

— हणमंत भीमाप्पा कांबळे, कमरीपेठ, हुबळी