धरलंस?

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, चष्म्याच्या काचा घासायचे. दिवसभर मान खाली, डोळे बारीक आणि कानाशी यंत्राची घरघर. बीपी वाढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मन रमेल असा एखादा छंद लावून घ्या." भाऊजींनी जुना कॅमेरा आणला. आधी कुंड्यांचे फोटो काढले, मग शेजारच्या मांजराचे. सगळं कसं झकास चाललं होतं.

पुढे पक्ष्यांचं वेड लागलं, आणि पक्षी काही कुंडीत येऊन बसत नाहीत. भाऊजी पाण्याच्या टाकीवर चढायला लागले, पुलाच्या कठड्यावरून ओणवे व्हायला लागले. त्यांचं बीपी उतरलं आणि ताईचं चढलं. शेवटी तीच त्यांच्याबरोबर जाऊ लागली. ते कॅमेऱ्याला डोळा लावून वाकायचे, ती मागून त्यांचा पट्टा पकडायची.

"धरलंस?"

"धरलंय."

मगच ते पुढे झुकायचे. याला विरंगुळा म्हणत असतील तर मला नको बाई तो!

त्या दिवशी गच्चीवरून झाडातलं घारीचं घरटं टिपायचं होतं. ताईचा फोन वाजला. दवाखान्यातून होता, भाऊजींच्याच तपासणीची वेळ ठरवायला. तिने पट्टा सोडून फोन कानाला लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "जरा फोन धरा हं." तेवढ्यात भाऊजींनी डोळा न काढता विचारलं, "धरलंस?"

"हो, धरलाय," ताई त्या मुलीला म्हणाली.

भाऊजी निर्धास्त झुकले.

खाली पत्र्याची शेड होती म्हणून जीव वाचला, पण पाय कायमचे गेले. भेटायला येईल त्याला भाऊजी सांगतात, "माझाच तोल गेला." ताई तिथून उठून आत जाते. मला तिच्याकडे बघवत नाही.

आता ते चाकाच्या खुर्चीत खिडकीशी बसतात. परवा त्यांनी पुन्हा कॅमेरा मागितला. समोर तारेवर चिमणी होती. डोळा लावून त्यांनी विचारलं, "धरलंस?"

खुर्चीतून कुठे पडणार होते ते! पण ताईने मागून त्यांची कॉलर मुठीत पकडली. चिमणी उडून गेली. भाऊजी तसेच थांबले, बटणावर बोट ठेवून.

"धरलंय," ती रडत म्हणाली.

फोटोत नुसती तार आली, तीही हललेली. ताईची मूठ थरथरत होती ना. भाऊजींनी तो पुसला नाही.