पावण्याबरोबर आलेली सिस्टीम

हल्ली माझा कॉम्प्युटर मला न विचारताच सुधारतो. मी चहा टाकून येईपर्यंत त्याची सिस्टीम बदललेली असते. ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा कोल्हापुरात असं नव्हतं. सिस्टीम पुण्याहून एसटीने यायची, फ्लॉप्यांच्या डब्यात, आणि डब्याबरोबर एक इंजिनिअर यायचा. म्हणजे घरी पावणा आला. म्हणजे आधी जेवण.

मी एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसायचे, तात्पुरती म्हणून. दर काही महिन्यांनी मुदत संपायची आणि पुन्हा वाढायची. चेअरमन म्हणाले होते, "ही नवी सिस्टीम नीट बसू दे पोरी, मग तुला कायम करायचं बघू की." तेव्हापासून माझा जीव त्या डब्यात अडकला होता.

इंजिनिअर सकाळी आला. हळू बोलणारा, सज्जन पोरगा. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर आम्ही सगळे चपला काढायचो, तसे त्यानेही बूट काढले. आधी सगळी खाती फ्लॉप्यांवर उतरवून घेऊ, म्हणाला. पहिली फ्लॉपी आत जाते न जाते तोच चेअरमन दारात.

"पावणं, मशीन काय पळून जातंय व्हय? आधी जेवाण."

"एवढं संपवतो ना," तो म्हणाला.

"ते ही पोरगी बघंल की. चला."

कोल्हापुरात पावण्याला जेवण चुकत नाही. काय टाइप करायचं ते त्याने मला घाईघाईत समजावलं, मागेल तशी फ्लॉपी बदलत राहा म्हणाला आणि गेला.

जेवण चेअरमनांच्या घरी होतं. पुण्याचं पावणं हाय, तिखट बेतानं, असा निरोप वहिनींना गेला होता आणि वहिनींनी आपल्या मते बेतानेच घातलं होतं. दुपारी पाहुणा परतला तो लालबुंद कानांनी, आणि तडक मागच्या अंगाला संडासाकडे गेला. त्यानंतर तो अधूनमधून दारात दिसायचा, "चाललंय ना?" विचारायचा आणि उत्तर ऐकायला थांबायचा नाही.

जुनी खाती उतरवून झाली होती. नवी सिस्टीमही मीच घालायला घेतली. मशीन फ्लॉपी मागायचं, मी द्यायचे. मध्येच एकदा पडदा नुसता काळा राहिला. हाक मारावी तर कुणाला, आणि कुठे? मी मशीन बंद केलं, देवाचं नाव घेतलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. संध्याकाळी सगळी खाती जिथल्या तिथे उघडली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

मग पाहुण्याचा सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. फेट्याखालचा चेहरा आता पांढराफटक पडला होता. पण माणूस खरंच चांगला. माझ्याकडे हात करून म्हणाला, "काम यांनीच केलंय. नवी सिस्टीम इतकी सोपी आहे की मी नसताना मॅडमनी एकटीने बसवली. आता ही कुणालाही चालवता येईल."

त्याला माझं कौतुकच करायचं होतं. टाळ्याही झाल्या. चेअरमन मात्र शेवटच्या वाक्यावर मान डोलावत होते.

त्यांनी शब्द पाळला. थोड्याच दिवसांत मी कायम झाले, आवक-जावकच्या टेबलावर. "एवढं सोपं हाय, तर तुझ्यासारखं हुशार माणूस तिथं कशाला अडकवायचं?" त्यांनी मायेने समजावलं. कॉम्प्युटरच्या एसी खोलीत त्यांचा भाचा बसला. मी पेढे वाटले, आणि टपालावर इतक्या रागाने शिक्के मारू लागले की शेजारच्या टेबलावरचा चहा हिंदकळायचा. त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही, हे ठरलेलंच होतं.

त्याच आठवड्यात भाचा येऊन टेबलापाशी उभा राहिला. "ताई, जरा येता का? मशीन कायतरी मागतंय."

मी शिक्का खाली ठेवला. त्याच्या मागोमाग गेले आणि दाराशी चपला काढल्या.