आत्याच्या चार खुंट्या

माझी आत्या सव्वीस वर्षं एका लॉजच्या काउंटरवर बसते. तिच्या पाठीमागे लाकडी फळी आहे. प्रत्येक खोलीसमोर चार खुंट्या: रिकामी, राखीव, मुक्काम, झाडू. पाहुण्याने फोन केला, आला, गेला, की त्या खोलीचा पत्र्याचा बिल्ला एकेक खुंटी सरकतो, आणि झाडून झाल्यावर परत रिकामीवर येतो. बिल्ल्याने उडी मारायची नाही, हा तिचा कायदा.

मालकांनी कॉम्प्युटरची यंत्रणा करायला मला बोलावलं. मी दोन महिन्यांत केली आणि स्वतःवरच खूश झाले. चाचणीच्या दिवशी मालक म्हणाले, आता काउंटरवर कुणीही बसेल, बाईंनी घरी आराम करावा. माझ्याच हाताने मी आत्याची खुर्ची काढून घेत होते.

आत्या चिडेल असं वाटलं होतं. तिने नुसता चष्मा पुसला, पडद्यावर सात नंबरची खोली उघडली आणि ‘रद्द’ दाबलं. खोली लगेच रिकामी दिसू लागली.

“सातमधला माणूस आत्ता आंघोळ करतोय,” ती म्हणाली. “याच्यावर विसंबून दुसऱ्याला किल्ली देऊ का?”

माझा चेहरा खर्रकन उतरला. रद्द कुठूनही करता येईल, अशी सोय मी मोठ्या हौसेने ठेवली होती. आत्याच्या फळीवर फक्त राखीव बिल्लाच मागे येतो. माणूस एकदा आत गेला, की झाडूच्या खुंटीवरून गेल्याशिवाय सुटका नाही.

पुढचे आठ दिवस मी फळीसमोर स्टूल टाकून बसले. आत्या एकेक बिल्ला हलवून दाखवायची, चुकले की टपली मारायची. शिक्षणाचा माझा सगळा तोरा तिथेच उतरला. रात्री बसून मी तिचा कायदा जसाच्या तसा यंत्रणेत घातला.

दुसऱ्या चाचणीला मालक स्वतः आत्याच्या खुर्चीत बसले. समोर त्यांचे एक ओळखीचे गृहस्थ बॅग घेऊन उभे. मालकांनी नुकतीच सुटलेली खोली त्यांना द्यायला तीनदा बटण दाबलं. पडदा तीनदा म्हणाला, आधी झाडून घ्या. आत्या बाजूला उभी राहून गालात हसत होती.

“हे असं अडवायला कुठल्या कॉलेजात शिकलीस?” मालकांनी विचारलं.

मी आत्याकडे बोट दाखवलं.

मालकांनी एकदा फळीकडे पाहिलं, उठले आणि खुर्ची आत्यापुढे सरकवली. “बसा बाई,” ते म्हणाले, “पाहुणे खोळंबलेत.”