पाय तपासायला पोट उपाशी कामून?

मंडळी, आज डोकं फिरलंय. कुणावर ओरडू, सांगा.

आईचा पाय सुजून खांब झालाय, घोट्यावरची जखम भरंना. पायाच्या सोनोग्राफीत काही सापडलं न्हाई. डॉक्टर म्हणाले, "शीर वर पोटात तुंबली असंल. तिथं बघू, उपाशी पोटी या."

म्हणून खटकचिंचोळीहून कालच गुलबर्ग्याला मावशीकडं आलो. सकाळी मी आंघोळीला गेलो अन् मावशीनं आईला पिठलं-भाकर वाढली! "अक्का, पाय दाखवायला पोट उपाशी कामून ठेवायलीस?"

भरल्या पोटात डॉक्टरांना शीर दिसेचना. आता नवी तारीख, तोवर तीच जखम.

मावशी म्हणायली, "पुढच्या वेळी बी आदल्या दिवशीच या. माज्या दारातून भैण उपाशी जाईल व्हय?"

आता हिला काय सांगू?